स्पीकर बदलूनही आवाज फाटतोय? जुन्या ट्यूब अ‍ॅम्पसाठी स्पीकर कसा निवडावा

सेकंडहँड ट्यूब अ‍ॅम्प घेतला, म्हणजे ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर; काही महिने छान वाजला, मग खालच्या तारांवर आवाज फाटायला लागला. स्पीकर गेला म्हणून नवीन टाकला. दोन-तीन कार्यक्रम नीट झाले आणि पुन्हा तीच घरघर, किंवा एका गाण्याच्या मध्येच आवाज बंद. गिटार वाजवणाऱ्यांकडून ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की एकदा सगळं सविस्तर लिहावं असं वाटलं. बहुतेक वेळा नवीन स्पीकर चांगलाच असतो, पण त्या अ‍ॅम्पसाठी तो चुकीचा असतो. काही वेळा तर दोष स्पीकरमध्ये नसतोच, आणि चांगला स्पीकर उगाच बाहेर काढला जातो.

उदाहरणासाठी फेंडरचा हॉट रॉड डीलक्स घेतो. १९९६ मध्ये आलेला हा ४० वॉटचा कॉम्बो (अ‍ॅम्प आणि स्पीकर एकाच पेटीत), पॉवरला दोन ६एल६ ट्यूब, प्रीअ‍ॅम्पला तीन १२एएक्स७ आणि १२ इंचाचा एकच ८ ओहमचा स्पीकर. जुन्या बाजारात हा भरपूर फिरतो, परदेशातून परतणारे लोक तो सोबत आणतात, आणि दुरुस्तीला येणाऱ्या अ‍ॅम्पमध्येही तो नेहमी दिसतो. तुमचा अ‍ॅम्प वेगळा असला तरी पुढची पद्धत तीच.

आधी स्पीकरवरचा आरोप सिद्ध करा

आवाज फाटला की सगळ्यांचं बोट स्पीकरकडे जातं, कारण आवाज तिथूनच येतो. पण त्याच्या मागे ट्यूब, ट्रान्सफॉर्मर, कपॅसिटर, जॅक आणि लाकडी पेटी एवढं सगळं आहे. त्यातलं काहीही बिघडलं तरी ऐकू येणार स्पीकरमधूनच.

सगळ्यात खात्रीची चाचणी म्हणजे अदलाबदल. चालू असलेली ८ ओहमची दुसरी कॅबिनेट (स्पीकरची वेगळी पेटी) मिळवा आणि तुमचा अ‍ॅम्प तिच्यावर वाजवून बघा. इथे हॉट रॉड डीलक्सची एक खुबी लक्षात ठेवा. मागे दोन जॅक असतात, एक मुख्य स्पीकरचा आणि एक जादा स्पीकरचा. जादा जॅकमध्ये पिन घातली की अ‍ॅम्प आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या ४ ओहमच्या टॅपवर (त्या ओहमच्या स्पीकरसाठी काढलेल्या जोडणीवर) जातो, कारण आतला आणि बाहेरचा असे ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडलेत असं तो धरून चालतो. म्हणून चाचणीसाठी आतल्या स्पीकरची पिन मुख्य जॅकमधून काढा आणि बाहेरच्या कॅबिनेटची पिन त्याच मुख्य जॅकमध्ये घाला. हे करताना अ‍ॅम्प बंद असलाच पाहिजे. ट्यूब अ‍ॅम्प स्पीकरशिवाय कधीही वाजवायचा नाही. लोड, म्हणजे जोडलेला स्पीकर, नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीवर (ट्यूबकडच्या बाजूवर) प्रचंड व्होल्टेज उसळतं, आतलं इन्सुलेशन फुटतं किंवा ट्यूबच्या सॉकेटमध्ये ठिणगी पडते. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर वाढलेल्या लोकांना हे उलटं वाटतं, कारण तिथे भीती शॉर्टची असते. ट्यूब अ‍ॅम्प क्षणभराचा शॉर्ट सहसा निभावून नेतो, उघडी तार त्याला झेपत नाही. म्हणूनच फेंडरच्या बऱ्याच जुन्या अ‍ॅम्पमध्ये पिन काढली की जॅक आपोआप आउटपुट शॉर्ट करतो.

बाहेरच्या कॅबिनेटवर आवाज स्वच्छ आला तर दोष स्पीकरचा किंवा पेटीचा. तिथेही फाटला तर स्पीकरवर पैसे घालू नका, अ‍ॅम्प तंत्रज्ञाकडे न्या.

दुसरी कॅबिनेट नसेल तर मोबाइल कामी येतो. सूर काढणारं एखादं साधं अ‍ॅप घ्या, मोबाइल घरातल्या छोट्या स्टीरिओ अ‍ॅम्पला जोडा आणि त्यावर तुमचा गिटार स्पीकर वाजवा. आवाज अगदी हळू ठेवा. ६० हर्ट्झपासून सावकाश ३०० पर्यंत जा. एका ठरावीक जागीच घरघर येत असेल तर काहीतरी सैल आहे: डस्ट कॅपचा (कोनच्या मध्यावरच्या गोल टोपीचा) डिंक सुटलेला, जाळीचं कापड बॅफलवर (स्पीकर बसवलेल्या पुढच्या फळीवर) आपटतंय, हँडलचा स्क्रू, अ‍ॅम्पवरची नावाची पट्टी, मागच्या फळीचा एखादा ढिला स्क्रू. चालू असताना एकेका ठिकाणी बोट दाबून बघा, आवाज थांबला की चोर सापडला. सगळ्याच खालच्या सुरांना कागद घासल्यासारखी खरखर येत असेल तर व्हॉइस कॉइल, म्हणजे कोनला जोडलेली तारेची गुंडाळी, मॅग्नेटच्या गॅपमध्ये (फटीत) घासतेय. तेच हाताने तपासता येतं. दोन्ही हातांची बोटं डस्ट कॅपच्या दोन बाजूंना कोनवर पसरून ठेवा आणि कोन सरळ, हलकेच आत ढकला. न वाजता आत-बाहेर झाला तर ठीक, करकर लागली तर कॉइल घासतेय. तिरकं ढकललंत तर चांगला स्पीकरही घासेल, तेव्हा हात समतोल ठेवा.

कोकणात, मुंबईत आणि गोव्यात एक कारण फार दिसतं, ते म्हणजे दमट हवा. कोन कागदाचा असतो. पावसाळ्याचे चार महिने अ‍ॅम्प जमिनीवर, ओल धरणाऱ्या भिंतीला चिकटून राहिला की कोनवर बुरशीचे ठिपके येतात, डिंक सुटतो आणि गॅपच्या लोखंडावर गंज चढतो. तो गंज भुगा होऊन कॉइलला घासतो. असा स्पीकर वरून धडधाकट दिसतो, मल्टिमीटरवरही बरोबर आकडा दाखवतो, आणि तरी वाजताना खरखरतो. जुना अ‍ॅम्प घेताना मागची फळी काढून टॉर्चने कोनची मागची बाजू बघाच. अ‍ॅम्पवर प्लास्टिक गुंडाळून ठेवू नका, ओल आतच कोंडते. कापडी कव्हर घाला आणि अ‍ॅम्प जमिनीपासून थोडा वर ठेवा.

स्पीकरच्या दोषासारखे ऐकू येणारे आणखी दोन-तीन दोष सांगतो. वरच्या तारेवर एक सूर वाजवला आणि त्याच्या खाली एक बेसूर सावली ऐकू आली, सूर बदलल्यावर ती सावली वेगळ्याच दिशेला सरकली, तर ते फिल्टर कपॅसिटर म्हातारे झाल्याचं लक्षण. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे पुरवठ्यातली लहर १०० हर्ट्झची असते, आणि ती तुमच्या सुरात मिसळून हा खेळ करते. काही चांगल्या स्पीकरनाही एखाद्या ठरावीक सुरावर विव्हळायची सवय असते, पण ते विव्हळणं कुठल्याही अ‍ॅम्पवर त्याच सुरावर येतं. दोन्हींमधला फरक इथेच कळतो. दुसरा दोष म्हणजे झिजलेल्या ६एल६. खालचा आवाज लोळागोळा होतो आणि लोकांना वाटतं कोन मऊ पडला. तिसरा खास हॉट रॉड मालिकेचा. आतल्या कमी व्होल्टेजच्या पुरवठ्यात ४७० ओहम, ५ वॉटचे दोन रेझिस्टर असतात, बोर्डावर त्यांचे क्रमांक आर७८ आणि आर७९. ते इतके तापतात की वर्षानुवर्षांत त्यांचं सोल्डर तडकतं. मग चॅनल बदलणं, रिव्हर्ब, आवाज, सगळं अधूनमधून दगा देतं आणि हम (सतत गुणगुणणारा आवाज) येतो. हे काम घरी करू नका. वीज काढल्यावरही आतल्या कपॅसिटरवर ४०० व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो. स्पीकर बदलायला मात्र चॅसी (आतलं सर्किट असलेली धातूची पेटी) उघडावी लागत नाही, ते काम घरी बिनधास्त करता येतं.

आणि हो, जुन्या पेटीत स्पीकरची पिन आणि जॅक यांच्यावरचा काळा थर निव्वळ पुसूनही काही "गेलेले" स्पीकर जिवंत होतात. टर्मिनलपासून कोनपर्यंत जाणारी ती विणलेली बारीक तारही बघा. ती आतून तुटली तर कोन हलला की आवाज येतो-जातो.

ग्रीनबॅकची गोष्ट

आता स्पीकर खरंच गेलाय असं धरू. पुढे काय होतं ते एका मित्राच्या अ‍ॅम्पवरून सांगतो, कारण वारंवार येणाऱ्या बिघाडाची सगळी कारणं त्या एकाच पेटीत होती.

हॉट रॉड डीलक्समधला मूळ स्पीकर फाटला म्हणून त्याने सेलेस्टियन या स्पीकर कंपनीचा जी१२एम ग्रीनबॅक बसवला. नाव मोठं, आवाजही मोहात पाडणारा. घरी, तालमीत सगळं झकास. पहिल्याच मोठ्या मंचावर अर्ध्या तासात जळक्या वार्निशचा वास आला आणि स्पीकर बंद. मग त्याने तो कॉइल भरणाऱ्या एका दुकानात दिला. कोन नवीन, कॉइल नवीन, दिसायला सुंदर. पण आता आवाज बसका, व्हॉल्यूम वाढवला की दबल्यासारखा, आणि नव्या टाकलेल्या ६एल६ काही महिन्यांतच थकल्या. त्यालाही वाटलं, स्पीकर पुन्हा गेला.

पहिला बिघाड वॉटचा होता. ग्रीनबॅक २५ वॉटचा आणि अ‍ॅम्प ४० वॉटचा. त्यातही ४० हा आकडा आवाज स्वच्छ असतानाचा. ट्यूब अ‍ॅम्प ओव्हरड्राइव्हमध्ये गेला, म्हणजे आवाज मुद्दाम फाटेपर्यंत वाढवला, की त्यापेक्षा बरंच जास्त देतो, आणि गिटारवाले अ‍ॅम्प नेमका तसाच वाजवतात. चौकोनी लाट झाली तर गणिताने शक्ती दुप्पट होते. म्हणून एकच स्पीकर असलेल्या पेटीत अ‍ॅम्पच्या वॉटच्या निदान दीडपट, जमल्यास दुप्पट क्षमतेचा स्पीकर घ्यावा. ४० वॉटसाठी ६० ते ८०. दोन ग्रीनबॅक असलेल्या कॅबिनेटवर शक्ती वाटली जाते, दोघांची मिळून ५० वॉट होते, तिथे सांभाळून चालतं. एकट्यावर नाही. शिवाय हॉट रॉडची पेटी मागून उघडी. बंद पेटीत आतली हवा कोनला थोडा आधार देते, उघड्या पेटीत तो आधार नाही आणि खालच्या सुरांना कोन जास्त लांब हलतो. सातवी तार किंवा उतरवलेलं ट्यूनिंग वाजवणाऱ्यांनी हे जास्तच ध्यानात ठेवावं.

दुसरा बिघाड ओहमचा. मीटर लावला तर टर्मिनलवर ३.३ ओहम. ८ ओहमचा स्पीकर मीटरवर ८ दाखवत नाही, साधारण ६ ते ७ दाखवतो, कारण मीटर फक्त तारेचा डीसी रोध मोजतो आणि ८ हा आकडा चालू आवाजातल्या ढोबळ इम्पीडन्सचा (बदलत्या प्रवाहाला होणाऱ्या विरोधाचा) असतो. १६ ओहमचा स्पीकर ११ ते १४ च्या दरम्यान दाखवतो, ४ ओहमचा ३ ते साडेतीन. म्हणजे दुकानात ४ ओहमची कॉइल भरली होती. आपल्याकडे कॉइल भरणाऱ्यांचं बहुतेक काम पीए (कार्यक्रमांतली ध्वनिव्यवस्था) आणि गाडीतल्या स्पीकरचं असतं, हाताशी असलेली कॉइल बसवली जाते. ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पवर ते खपून जातं. ट्यूब अ‍ॅम्पमध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर स्पीकरचा लोड गुणून ट्यूबपर्यंत पोचवतो. ८ च्या टॅपवर ४ ओहम लावला की ट्यूबना अर्धाच लोड दिसतो, त्या जास्त करंट ओढतात, आवाज लवकर दबतो आणि ट्यूब लवकर झिजतात. उलट, ८ च्या जागी १६ लावला तर ट्यूबना दुप्पट लोड दिसतो आणि ट्रान्सफॉर्मरवर व्होल्टेजचा ताण वाढतो. एकदा चुकून वाजलं म्हणून लगेच काही जळत नाही, पण कायमचं असं ठेवायचं नाही. ओहम जुळलेच पाहिजेत, त्यात तडजोड नाही.

आणखी एक. "डीसी येऊन स्पीकर उडाला" असं निदान कोणी केलं तर ते ट्यूब अ‍ॅम्पला लागू नाही. मध्ये आउटपुट ट्रान्सफॉर्मर आहे, तो डीसी पलीकडे जाऊच देत नाही. ट्यूब अ‍ॅम्पवर कॉइल जळते ती जास्त शक्तीने, किंवा घासून घासून तिचं वार्निश गेल्याने.

दोन स्पीकरच्या अ‍ॅम्पमध्ये जोडणी कशी आहे ते आधी बघा. ट्विन रिव्हर्बमध्ये ८ ओहमचे दोन स्पीकर समांतर असतात, एकूण ४. त्यातला एक गेला तर अ‍ॅम्प वाजत राहतो, फक्त दुबळा, आणि दुसऱ्या स्पीकरवर सगळा भार येतो. जिथे दोन स्पीकर सीरीजमध्ये आहेत तिथे एकाची कॉइल तुटली की दोन्ही गप्प, आणि अ‍ॅम्प लोडशिवाय उघडा पडतो. अशा अ‍ॅम्पचा आवाज अचानक गेला तर व्हॉल्यूम वाढवून बघायच्या आत स्टँडबायचं बटण मारा.

डेसिबलकडे कोणी बघतच नाही

स्पीकरच्या कागदावर एक आकडा असतो, ९७ किंवा १०० डेसिबल असा. एक वॉट दिला आणि एक मीटरवरून मोजलं तर किती जोराने ऐकू येतो, तो हा आकडा. माझ्या मते जुन्या अ‍ॅम्पसाठी स्पीकर निवडताना टोनपेक्षाही आधी इथे बघायला हवं.

तीन डेसिबलचा फरक म्हणजे अ‍ॅम्पची शक्ती दुप्पट किंवा निम्मी केल्यासारखा. ९७ डेसिबलच्या स्पीकरवर ४० वॉट वाजवले आणि १०० डेसिबलच्या स्पीकरवर २० वॉट वाजवले तर जोर सारखाच. म्हणजे स्पीकर बदलून तुम्ही न कळत अ‍ॅम्पचा आकार बदलता. हॉट रॉड डीलक्सबद्दल सगळ्यांची एकच कुरकुर असते: व्हॉल्यूम दीड-दोनवर गेला की खोली भरते, त्याच्या खाली काही नाही. अशा अ‍ॅम्पमध्ये सेलेस्टियनचाच १०० डेसिबलचा व्हिंटेज ३० टाकला की ती कुरकुर आणखी वाढते. फ्लॅटमध्ये सराव करणाऱ्याला तर अ‍ॅम्प गोड वाजतो त्या जागेपर्यंत पोचताच येत नाही. तिथे ९७ डेसिबलचा स्पीकर टाकला तर नॉब थोडा मोकळा होतो, ट्यूबना काम मिळतं आणि आवाजात जीव येतो.

उलट परिस्थितीही असते. ब्लूज ज्युनियरसारखा १५ वॉटचा, दोन ईएल८४ ट्यूबवर चालणारा अ‍ॅम्प घेऊन ढोलकी, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडच्या संगतीला बसायचं असेल तर १०० डेसिबलचा स्पीकर हा सगळ्यात स्वस्त बूस्टर आहे. त्याच अ‍ॅम्पमध्ये पीएचा वूफर टाकला तर तो मंचावर ऐकूच येत नाही.

हा पीएच्या वूफरचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण आपल्याकडे ही चूक पदोपदी होते. १२ इंच, ८ ओहम, ३०० वॉट, किंमत कमी, मग काय हरकत आहे? हरकत ही की गिटारचा स्पीकर वेगळ्या कामासाठी बनतो. त्याचा पल्ला साधारण ७५ हर्ट्झपासून ५,००० हर्ट्झपर्यंत. मधल्या पट्टीत तो मुद्दाम उंचावलेला असतो, ५,००० च्या वर झपाट्याने उतरतो, आणि जोरात वाजवला की त्याचा हलका कोन स्वतः थोडा वाकून आवाजात रंग भरतो. ओव्हरड्राइव्हची कर्कश टोकं तोच गाळतो. वूफरचा कोन जड, संवेदनशीलता बऱ्याचदा कमी, खाली खोल जाणारा, आणि वरचं काम त्याने ट्वीटरवर सोडलेलं. गिटार अ‍ॅम्पमध्ये तो बसवला की आवाज भिंतीपलीकडून आल्यासारखा बंद, आणि तो उघडायला ट्रेबल वाढवला की ड्राइव्ह चिरका. जास्त वॉट म्हणजे जास्त टिकाऊ, एवढ्या एका विचाराने चांगल्या अ‍ॅम्पचा आवाज मारू नका.

पेटीत मावतो का

जुन्या कॉम्बोमध्ये पॉवर ट्यूब वरून खाली लोंबकळतात आणि स्पीकरचं मॅग्नेट त्यांच्या अगदी समोर येतं. ब्लूज ज्युनियरसारख्या उथळ पेटीत जाड मॅग्नेटचा स्पीकर ट्यूबला टेकू शकतो. जुन्या स्पीकरची खोली मोजा, नव्याच्या कागदावरची खोली बघा, आणि सगळ्यात जवळच्या ट्यूबपासून निदान बोटभर अंतर उरेल याची खात्री करा. ट्रान्सफॉर्मरचंही तसंच.

वजनही बघा. ग्रीनबॅक ३.६ किलोचा, व्हिंटेज ३० ४.७ किलोचा. हॉट रॉड डीलक्स आधीच २० किलोच्या आसपास असतो, रोज जिने चढणाऱ्याला तो एक किलोही जाणवतो. निओडिमियम मॅग्नेटचे स्पीकर दोन किलोच्या आसपास असतात आणि आता त्यांचा आवाज पूर्वीसारखा कोरडा राहिलेला नाही. बाहेरून मागवणार असाल तर वजनाचा हिशोब टपालखर्चातही येतो.

मग नावाकडे वळा

ओहम, वॉट, डेसिबल आणि खोली या चार चाळण्यांतून गेल्यावर हातात मोजकेच स्पीकर उरतात, आणि आता आवडीनिवडीला वाव आहे.

हॉट रॉड डीलक्सचा स्वभाव उजळ. सुरुवातीच्या मॉडेलमध्ये एमिनन्सने फेंडरसाठी बनवलेला स्पीकर होता, तिसऱ्या आवृत्तीत सेलेस्टियनचा जी१२पी-८० आला, चौथीत ए-टाइप. फेंडरलाच तीनदा विचार करावासा वाटला, तेव्हा तुमच्या अ‍ॅम्पमधला मूळ स्पीकर बदलणं म्हणजे पाप नाही. माझी पहिली पसंती जी१२एम-६५ क्रीमबॅक. ग्रीनबॅकचा तोच मऊ, मधल्या पट्टीचा गोडवा, पण ६५ वॉट आणि ९७ डेसिबल. ४० वॉटच्या अ‍ॅम्पला तो नेमका पुरतो, ड्राइव्ह चॅनलचा चिरकेपणा झाकतो आणि आवाजाची उडीही आवरतो. मित्राच्या अ‍ॅम्पमध्ये शेवटी तोच गेला आणि अजून तिथेच आहे. ज्यांना खालचा आवाज जास्त भरीव आणि घट्ट हवा त्यांनी ७५ वॉटचा जी१२एच-७५ बघावा, पण तो १०० डेसिबलचा आहे. नावातल्या एम आणि एचमध्ये मुख्य फरक मॅग्नेटचा, एमचं ३५ औंसांचं, एचचं ५० औंसांचं.

व्हिंटेज ३० उत्तम स्पीकर आहे, १९८६ पासून रॉकचा निम्मा आवाज त्याच्यावर उभा आहे. पण त्याची वरची मधली पट्टी पुढे येते आणि हॉट रॉडच्या उजळपणात ती कानाला टोचते. मार्शल घराण्याच्या जाड आवाजाच्या अ‍ॅम्पमध्ये तो शोभतो. ज्यांचं बहुतेक काम स्वच्छ कॉर्डचं आहे, भावगीतं, लावणीच्या ऑर्केस्ट्रात भरणं, जॅझ, त्यांनी जेन्सनच्या सी१२ मालिकेकडे किंवा एमिनन्सच्या कॅनाबिस रेक्सकडे बघावं. रेक्सचा कोन भांगेच्या तंतूंचा, वरचा आवाज रेशमी, पण तो १०२ डेसिबलचा आहे आणि क्षमता ५० वॉट, म्हणजे ४० वॉटचा अ‍ॅम्प पूर्ण उघडून वाजवणाऱ्यांनी तो टाळावा. अल्निको मॅग्नेटचे स्पीकर, म्हणजे सेलेस्टियन ब्लूसारखे, ऐकायला अप्रतिम. ब्लू १५ वॉटचा आहे. ४० वॉटच्या अ‍ॅम्पमध्ये तो घालायचा विचारसुद्धा करू नका.

जुनाच स्पीकर मिळत असेल तर फ्रेमवर किंवा मॅग्नेटवर छापलेला कोड वाचा. अमेरिकन स्पीकरवर सुरुवातीचे आकडे बनवणाऱ्याचे असतात: २२० जेन्सन, ४६५ ऑक्सफर्ड, १३७ सीटीएस, ६७ एमिनन्स. पुढचे आकडे वर्ष आणि आठवड्याचे. विकणारा "मूळ" म्हणतो तो खरंच मूळ आहे का, ते यावरून कळतं. सोबत मीटर न्या, टर्मिनलवरचा रोध मोजा आणि कोन हाताने ढकलून बघा. दोन्ही केल्याशिवाय पैसे देऊ नका.

बसवताना

ट्यूब थंड होऊ द्या. तारा काढायच्या आधी फोटो घ्या. अ‍ॅम्प तोंडावर पालथा घालून स्पीकर बसवलात तर तो सरळ बसतो आणि हातातून निसटून कोनमध्ये स्क्रूड्रायव्हर घुसण्याची भीतीही कमी होते. स्क्रू थोडेथोडे, समोरासमोरचे आळीपाळीने आवळा आणि स्पीकरच्या काठाखालचं रबर जरासं दबलं की थांबा. इथेच पुष्कळ नवे स्पीकर बिघडतात. एक बाजू आधी घट्ट केली की पत्र्याची फ्रेम पिळते, कॉइल गॅपमध्ये तिरकी होते आणि नवाकोरा स्पीकर पहिल्या दिवसापासून घासतो. बसवल्यावर कोन पुन्हा हाताने ढकलून बघा. घासत असेल तर सगळे स्क्रू ढिले करून नव्याने आवळा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच सुटतं.

दीड व्होल्टचा सेल घ्या, धन टोक स्पीकरच्या लाल टर्मिनलला क्षणभर लावा. कोन पुढे आला पाहिजे. जेबीएलचे जुने स्पीकर याला अपवाद, त्यांत तो मागे जातो. एकाच स्पीकरच्या अ‍ॅम्पला यामुळे फारसा फरक पडत नाही, पण दोन स्पीकर असतील आणि एक पुढे, एक मागे जात असेल तर खालचा आवाज गायब होतो. नवीन महागडा स्पीकर टाकल्यावर "बेस कुठे गेला" असं वाटलं तर आधी हेच तपासा.

नवा स्पीकर सुरुवातीला थोडा ताठ आणि कडक वाजतो. काही आठवडे वाजवून कोनचा काठ सैल होऊ द्या, मग टोनबद्दल मत बनवा. त्यानंतर एकदा सगळे स्क्रू तपासा, कारण नवं रबर दबलं की ते थोडे ढिले होतात.

काढलेला मूळ स्पीकर फेकू नका आणि घाईने कॉइल भरायलाही देऊ नका. कोनला लहानशी चीर असेल तर पातळ केलेला पांढरा फेविकॉल आणि टिश्यू पेपरचा तुकडा मागून लावला की ती वर्षानुवर्षं धरते. कॉइल जळली असेल तर त्याच स्पीकरचा मूळ कोन-संच मिळतो का ते आधी बघा. मिळाला नाही तर दुकानात ८ ओहमचीच कॉइल हवी असं लिहून द्या, आणि स्पीकर परत घेताना काउंटरवरच मीटर लावा. साडेसहाच्या आसपास आकडा दिसला तरच पैसे द्या.